सिग्नलला गाडी थरथरते? आधी प्लग बघा, मग सीएनजी किट

सुरत : उधना, लिंबायत, डिंडोलीतून नवापूर, साक्रीकडे गावी जाणाऱ्या बऱ्याच गाड्या सीएनजीवर चालतात. सिग्नलला अशी गाडी थरथरायला, 'मिसिंग' करायला लागली की संशय थेट किटवर जातो. तो अनेकदा चुकीचा असतो.

इंजिन गरम झाल्यावर एसी बंद करून आरपीएमचा काटा पाहावा. तो साधारण ७०० ते ९०० वर स्थिर असूनही गाडी हलत असेल, तर आधी इंजिनचे माउंटिंग तपासावे. काटा खाली-वर होत असेल तर गाडी पेट्रोलवर घ्यावी. तिथेही तेच रडगाणे असेल तर थ्रॉटल बॉडीतली काजळी, फाटका व्हॅक्यूम पाइप, तुंबलेला एअर फिल्टर.

पेट्रोलवर गाडी शांत झाली तरी किट खोलायची घाई नको. सीएनजी पेटायला जास्त जोरदार ठिणगी लागते. झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावतो, गॅसवर उघडा पडतो. त्यामुळे आधी प्लग. मग स्कॅनर: पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. इंजिन बंद करून त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावावी. कोडही तिकडे सरकला, तर कॉइल गेली. एवढे करूनही फरक नसेल तर गॅस फिल्टर आणि इंजेक्टर, तेही अधिकृत किटवाल्याकडेच.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर कोंडाईबारी घाटाचा बेत रद्द करावा. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते, आणि तो प्लगच्या कितीतरी पट महाग पडतो. गॅसचा वास आला तर गाडी सुरूच करू नये.