विनाशिकेवरचा डॅश

चेतक हेलिकॉप्टर जहाजावर उतरतं तेव्हा आधी डेकच्या बाजूला, जहाजाच्याच वेगानं चालत, हवेत तरंगत राहतं. दोन मोठ्या हेलकाव्यांच्या मध्ये डेक क्षणभर सपाट होतो. पायलट तेवढ्यात आडवा सरकून टेकवतो आणि फिरत्या पात्यांखाली वाकून आम्ही बांधायचे पट्टे घेऊन धावतो. नौदलातली माझी बरीच वर्षं या कामात गेली. त्यामुळे जहाजांवर ड्रोन येणार अशी बातमी वाचली की त्याचा पल्ला किंवा कॅमेरा मी नंतर बघतो. परत आल्यावर त्याला धरणार कोण, हे आधी शोधतो.

अमेरिकी नौदलाला हा प्रश्न १९५० च्या दशकातच पडला होता. सोनारला पाणबुडी जितक्या लांबून ऐकू येई, तितक्या लांब जहाजावरचा टॉर्पेडो पोहोचत नसे. दुसऱ्या महायुद्धातल्या विनाशिका अरुंद. माणसासकट हेलिकॉप्टर ठेवायला त्यांच्यावर जागा नव्हती. लाँग आयलंडच्या जायरोडाइन कंपनीनं मग एकावर एक, उलट दिशांना फिरणारे दोन पंखे असलेलं बिनमाणशी हेलिकॉप्टर केलं: क्यूएच-५०, म्हणजेच ‘डॅश’. १९६० च्या डिसेंबरात ते ‘हेझलवूड’ या विनाशिकेवर उतरलं.

त्याला चालवणारे दोघं असत. एक डेकवर, काठीनं, डोळ्यांदेखत उडवणारा. दुसरा खाली अंधाऱ्या खोलीत, रडारच्या ठिपक्यावर विसंबून त्याला पाणबुडीच्या माथ्यावर नेऊन टॉर्पेडो सोडणारा. परतताना ताबा पुन्हा डेकवरच्याकडे. सातशेहून अधिक डॅश बनले, त्यांतले निम्म्याहून अधिक गमावले. आत बसणारा कोणी नाही, म्हणून यंत्रणा स्वस्तात आणि एकेरी ठेवलेली. एक सर्किट गेलं की त्याच्या जागी दुसरं नसे. मला याचा आजही राग येतो. माणूस आत नव्हता, पण डेकवर होता, आणि भरकटलेलं पातं त्याच्याच डोक्यावर येणार होतं. व्हिएतनामच्या किनाऱ्यावर काही डॅशना टीव्ही कॅमेरे लावून तोफांचे गोळे कुठे पडतात ते पाहिलं गेलं. हे काम त्यांना चांगलं जमलं. पण तोवर अमेरिकेचा विश्वास उडत चालला होता. जपानी नौदलानं मात्र अमेरिकेनं थांबवल्यावरही डॅश उडवले.

पुढे १९८६ च्या अखेरीस ‘आयोवा’ युद्धनौकेवर ‘पायोनियर’ हे ड्रोन आलं. रॉकेटच्या जोरावर ते उडायचं आणि मागच्या डेकवर ताणलेल्या जाळ्यात येऊन अडकायचं. १९९१ च्या आखाती युद्धात फैलाका बेटावरच्या इराकी सैनिकांनी ‘विस्कॉन्सिन’ युद्धनौकेच्या पायोनियरला पांढरी फडकी दाखवली, कारण त्याच्या घरघरीमागून सोळा इंची गोळे येतात, हे त्यांना माहीत होतं.

‘स्कॅनईगल’ या ड्रोननं जाळंही काढून टाकलं. पंखाच्या टोकाचा आकडा उभ्या टांगलेल्या दोरात अडकवायचा, की झालं. मुळात हे टूना मासे शोधण्यासाठी आखलेलं यंत्र. अमेरिकी तटरक्षक दलानं ते आपल्या ‘स्ट्रॅटन’ जहाजावर नेलं आणि २०१७ मध्ये अमली पदार्थांच्या नौका पकडताना वापरलं. उडवणारे आणि परत घेणारे मात्र कंपनीचे लोक, करारावर जहाजात राहणारे. मला हे पटत नाही. पट्टे घेऊन धावणारा त्या जहाजाचाच खलाशी हवा. डेक कधी सपाट होतो ते त्याच्या पायांना कळतं.