मांजरेचे पाणी आणि कोयत्याची उचल

मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या बालाघाटच्या पट्ट्यात हिंडताना एक शब्दप्रयोग सारखा कानी पडतो : ‘जगायला जाणे’. माणूस कामाला गेला असे सहसा कोणी म्हणत नाही. जगायला गेला म्हणतात. कारण विचारले की उत्तर ठरलेले, दुष्काळ. मीही कित्येक वर्षे तेच लिहीत आलो. आता ते उत्तर मला अपुरे वाटते.

नदीपासूनच सुरुवात करू. मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावते आणि लातूरचा मुलूख ओलांडून तेलंगणात उतरते. निजामाच्या काळात या नदीवर मोठे धरण झाले, पण ते खाली निजामाबादेकडे : निजामसागर, १९२३ ते १९३१. त्या पाण्यावर बोधनला ऊस पिकला आणि निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली. तिकडे इंग्रजी मुलखात नीरेचा कालवा १८८५ पासून वाहत होता. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. १९३२ मध्ये साखरधंद्याला जकातीचे संरक्षण मिळाले आणि कालव्यांच्या काठी कारखाने वाढले. मराठवाडा १९४८ मध्ये निजामाच्या राजवटीतून सुटला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, तोवर पाणी, भांडवल आणि कारखाने यांची जागा ठरून गेली होती. नांदेडला उस्मानशाही गिरणी होती. पुढे तीही बंद पडली. पश्चिमेकडे ऊस होता, आमच्याकडे रिकामे हात होते.

हे हात उसापर्यंत नेणारी व्यवस्था म्हणजे उचल. कोरडवाहू शेतकऱ्याला पैसा लागतो तो पेरणीला, लग्नाला, दवाखान्याला, आणि लागतो तेव्हा लगेच लागतो. बँक त्याला तारण मागते. मुकादम काहीच मागत नाही. तो त्याचे येणारे सहा महिने विकत घेतो. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायको मिळून. मजुरी टनावर, आजारपणाचा खाडा वेगळा. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते. म्हणूनच चांगल्या पावसाच्या वर्षीही टोळ्या निघतात. दुष्काळ माणसाला पहिल्यांदा उसाच्या फडात नेतो. दुसऱ्यांदा नेते ती बाकी.

१९७२च्या दुष्काळाने रोजगार हमी योजनेला बळ दिले, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. या योजनेने असंख्य घरे वाचवली, यात शंका नाही. पण ती पैसा देते कामानंतर; मुकादम देतो कामाआधी. या एवढ्याशा फरकात योजनेचे बळ अपुरे पडते.

परिणाम दोन्ही बाजूंचे आहेत. काही घरांवर स्लॅब पडला, कुणाचे शेत सावकाराकडून सुटले. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण दिवाळीनंतर शाळेच्या पटावरची मुले फडातल्या कोपीत असतात, गावात उरतात ती म्हातारी माणसे. बाई कोयत्याची अर्धी मालक, हिशेब मात्र नवऱ्याच्या नावाने. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. खाड्याची भीती शरीरापर्यंत कशी पोहोचते, हे तेव्हा शहरांना कळले.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा टँकर, सुमारे पाच लाख लिटर. त्याच मिरजेच्या आसपासच्या फडांत दरवर्षी मराठवाड्यातल्या टोळ्या राबतात. आणि लातूरच्या मांजरा पट्ट्यातही आता ऊस आहे, कारखाने आहेत; तरी जळकोटच्या डोंगरातला माणूस घर सोडतोच. पाणी जिल्ह्यात आले म्हणून ते त्याच्या शिवारात आले असे होत नाही.

स्थलांतर थांबवा, असे मी म्हणणार नाही. माणसाने कुठेही जाऊन कमवावे. पण पावसाळ्यात लागणारी रक्कम त्याला श्रम गहाण न ठेवता मिळाली पाहिजे, आणि कोयत्याच्या हिशेबात बाईचे नाव स्वतंत्र लागले पाहिजे. मग जाणे हा त्याचा निर्णय ठरेल. हा अंक आपल्या हाती पडेल, त्या सुमारास या गावांतून ट्रॅक्टर भरू लागलेले असतील.