मृदेतील नैसर्गिक किरणोत्सर्गाचे नकाशालेखन

मृदेत निसर्गतः असणाऱ्या किरणोत्सर्गी (भेदक किरण वा कण आपोआप बाहेर टाकणाऱ्या) मूलद्रव्यांचे प्रमाण मोजून ते नकाशावर दाखविण्याची पद्धती. पोटॅशियम (४०), तसेच युरेनियम व थोरियम आणि त्यांच्या क्षयातून निर्माण होणारी मूलद्रव्ये ही या किरणोत्सर्गाची प्रमुख उगमस्थाने होत. युरेनियम (२३८) याचे अर्धायुष्य सु. ४४७ कोटी वर्षे व थोरियम (२३२) याचे सु. १,४०५ कोटी वर्षे असल्याने ती पृथ्वीवर अद्याप टिकून आहेत.

आंरी बेक्रेल यांनी १८९६ मध्ये किरणोत्सर्गाचा शोध लावला. पुढे १९०६ मध्ये आर. जे. स्ट्रट या ब्रिटिश भौतिकीविज्ञांनी अग्निज खडकांतील रेडियमाचे मापन केले. त्यांत बेसाल्टापेक्षा ग्रॅनाइटात ते अधिक असल्याचे आढळले. शिलारस निवताना प्रथम बनणाऱ्या खनिजांत युरेनियम व थोरियम सहसा सामावत नाहीत. ती उरलेल्या सिलिकासमृद्ध रसात साचतात व त्यापासून ग्रॅनाइट बनतो. यामुळेच दक्खनच्या बेसाल्टावरील काळ्या मृदेत त्यांचे प्रमाण सामान्यतः कमी असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरेनियमाच्या शोधार्थ विमानांतून गॅमा किरणांचे सर्वेक्षण होऊ लागले. चमक गणकाने किरणांची ऊर्जा ओळखून तिन्ही मूलद्रव्यांचे प्रमाण वेगवेगळे काढता येते. मात्र हे किरण मुख्यत्वे वरच्या सु. ३० सेंमी. थरातूनच येतात. शिवाय मृदा नेहमी खालच्याच खडकापासून बनलेली नसते. नदी, वारा व समुद्र यांनी आणलेल्या गाळामुळे किरणोत्सर्गाचा नकाशा तळखडकाच्या नकाशाशी जुळत नाही.

केरळचा किनारा हे याचे ठळक उदाहरण होय. शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञांना १९०९ मध्ये त्रावणकोरच्या वाळूत मोनॅझाइट हे थोरियमयुक्त खनिज आढळले. अंतर्भागातील प्राचीन रूपांतरित खडक झिजून नद्यांवाटे त्यांचे कण समुद्रात येतात. लाटा हलकी वाळू वाहून नेतात आणि मोनॅझाइट, इल्मेनाइट यांसारखी जड खनिजे किनाऱ्यावर साचतात. करुनागप्पल्ली भागातील किनारी पंचायतींत घराबाहेरील किरणोत्सर्गाची मध्यक मात्रा वर्षाला ४ मिलिग्रेपेक्षा अधिक असून काही ठिकाणी ती ७० मिलिग्रेपर्यंत आढळली आहे. जमिनीतून येणाऱ्या बाह्य किरणांची जागतिक सरासरी मात्र वर्षाला सु. ०·५ मिलिसिव्हर्ट मानतात.

येथे पिढ्यान्‌पिढ्या लोकवस्ती असल्याने खनिजाच्या नकाशाला आरोग्याच्या प्रश्नाचे रूप आले. तेथील ६९,९५८ रहिवाशांच्या २००५ अखेरपर्यंतच्या पाहणीत १,३७९ जणांना कर्करोग झाल्याचे दिसले. तथापि जमिनीतील गॅमा किरणांमुळे कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळले नाही. अल्प मात्रेचा परिणाम अशा पाहणीत सहज स्पष्ट होत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. म्हणून नकाशावरील अधिक मात्रेचा प्रदेश म्हणजे रोगाचा प्रदेश असे समीकरण मांडता येत नाही. मानवनिर्मित किरणोत्सर्गाची भर ओळखण्यासाठी मात्र मूळ नैसर्गिक पातळी आधी ठाऊक असावी लागते आणि ती भूविज्ञानाच्या आधारेच उलगडते.