अपघातग्रस्ताचा दावा आणि भोपाळ

कंपनी सरकारचा अंमल अजून चालू असताना, 1855 साली संमत झालेल्या एका लहानशा अधिनियमाने, दुसऱ्याच्या हयगयीमुळे प्राणास मुकलेल्या मनुष्याच्या पत्नीला, पतीला, आईबापांना व मुलांना नुकसानभरपाईसाठी दिवाणी फिर्याद करण्याचा अधिकार दिला. परंतु दाव्याच्या रकमेप्रमाणे कोर्ट-फीचा स्टँप लावून आणि वर्षानुवर्षे तारखांना हजर राहून तो बजावण्याचे सामर्थ्य, ज्या घरातला कर्ताच गेला त्या घरात क्वचितच उरत असे. पुढे मोटारी आल्या, 1939 चा मोटारवाहन कायदा आला, त्यातील त्रयस्थांसाठी सक्तीच्या विम्याचे प्रकरण 1946 च्या जुलैत अमलात आले, आणि 1956 च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद केली. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला बेगमांचे व नवाबांचे भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. सचिवालय आले, भेलचा प्रचंड कारखाना उभा राहिला, 1969 मध्ये युनियन कार्बाइड या अमेरिकी कंपनीचाही आला, आणि तलावांच्या काठचे ते शांत शहर मोटारींचे व यंत्रांचे झाले.

न्यायाधिकरणाने दार सुलभ केले, तरी उंबरठा उंचच राहिला. चालकाची चूक अर्जदारानेच शाबीत केली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये दिला. म्हणजे जी विधवा अपघातस्थळी नव्हतीच, तिनेच तिथे काय घडले ते सिद्ध करावयाचे! हा अन्याय 1982 च्या दुरुस्तीने अंशतः दूर केला, आणि कोणाचीही चूक न दाखविता मृत्यूसाठी 15,000 रुपये व कायम अपंगत्वासाठी 7,500 रुपये देणे वाहनमालकावर बंधनकारक झाले. रक्कम तुटपुंजी, पण तत्त्व मोठे होते.

त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 डिसेंबर 1984 च्या रात्री, कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली, लाखो बाधित झाली. आणि रस्त्यावरच्या अपघातांसाठी घडविलेला आपला कायदा त्या संहारापुढे उभा राहिला तेव्हा जे घडले, ते मला आपल्या न्यायेतिहासातील अत्यंत वेदनादायक प्रकरण वाटते. आरोपी अधिकाऱ्यांवर प्रथम सदोष मनुष्यवधाचे कलम होते. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उतरवून दंडसंहितेचे कलम 304-अ लावले, म्हणजे 1870 साली घातलेले, बेदरकारपणे गाडी हाकून एखाद्याचा जीव घेणाऱ्या चालकास लागणारे आणि फार तर दोन वर्षांची शिक्षा देणारे कलम. 7 जून 2010 रोजी भोपाळच्या फौजदारी न्यायालयाने दोषी ठरलेल्या हयात आरोपींना दोन वर्षांची कैद सुनावली, आणि एका शहराचा संहार फौजदारी कायद्याच्या दप्तरी मोटार-अपघाताच्याच रकान्यात नोंदला गेला.

दिवाणी बाजूची कथा याहून निराळी. 1985 च्या मार्चमध्ये संसदेने कायदा करून वायुबाधितांच्या वतीने दावा लावण्याचा व तडजोड करण्याचा अधिकार एकट्या केंद्र सरकारकडे घेतला. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 1986 च्या मे महिन्यात तिथे लावलेला खटला भारताकडे परत धाडला. भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी 1987 च्या डिसेंबरात अंतरिम मदतीचे 350 कोटी रुपये देण्याचा हुकूम केला. उच्च न्यायालयाने तो आकडा 250 कोटींवर आणला. आणि 1989 च्या फेब्रुवारीत 47 कोटी डॉलरांची तडजोड झाली, तीही बाधितांना न विचारता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, बाधितांचे म्हणणे ऐकावयास हवे होते हे मान्य करूनही, 1985 चा तो कायदा उचलून धरला. पुढे दावेदारांना दवाखान्याचे कागद, शिधापत्रिका, मृत्यूचे दाखले घेऊन दावा-कचेऱ्यांत रांगा लावाव्या लागल्या. घाईघाईने दफन वा दहन झालेल्यांचे दाखले पुष्कळांजवळ नव्हतेच. बहुसंख्य जखमींच्या हाती प्रथम आलेली रक्कम 25,000 रुपयांची.

त्याच भोपाळच्या रस्त्यावर मोटारीखाली सापडलेल्या माणसाची कायदेशीर स्थिती, विचित्र असले तरी खरे, त्याहून बळकट आहे: त्याचा दावा त्याचा स्वतःचा असतो, आणि त्याच्या संमतीवाचून तडजोड होत नाही. मात्र हे बळ कागदावर उभे असते. फिर्यादीची नक्कल, पंचनामा, वैद्यकीय दाखला, वाहनाचा क्रमांक आणि विमापत्राचा तपशील हाती नसेल, तर विमा कंपनीचा वकील पहिल्याच तारखेस तो दावा पोकळ ठरवू पाहतो. आणखी एक सवलत 1994 च्या दुरुस्तीने दिली, जी आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही: अर्जदार जिथे राहतो, तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो, त्यामुळे अमरावतीच्या कुटुंबातला माणूस भोपाळात दगावला, तर त्याच्या घरच्यांना दर तारखेस भोपाळ गाठावे लागत नाही. त्याच दुरुस्तीने अर्जाची कालमर्यादाही काढून टाकली होती. 2019 च्या दुरुस्तीने घातलेली सहा महिन्यांची मुदत 1 एप्रिल 2022 पासून पुन्हा लागू झाली. कोणाचीही चूक न दाखविता मृत्यूसाठी पाच लाखांची भरपाई देणाऱ्याच कायद्याने ही मुदत आणावी, हे मला मान्य नाही. शोकातले घर सावरण्यास, रुग्णालयातून सुटण्यास आणि वकील शोधण्यास सहा महिने अपुरे पडतात, आणि दाखल्यांवाचून झालेली दुर्दशा भोपाळने पाहिलेली आहे.