वणीचा उंबरा

पहाटेचे तीन वाजले असावेत. चंद्र नुकताच मावळलाय आणि अंगणात स्वतःचा हातही दिसत नाही. गोठ्यातला बैल कान टवकारून उभा. तुम्ही ओट्यावरून उतरता, गुडघे टेकता, जमिनीला कान लावता. घोडी. पुष्कळ घोडी, चांदवडच्या अंगाने येणारी.

साल १६७०, महिना ऑक्टोबरचा. तुम्ही वणीतले एक साधे कुणबी आहात. घर मातीचं, वर गवताचं छप्पर. धाकट्याने रडू नये म्हणून बायको त्याला छातीशी घट्ट धरून बसलीय. शिवाजीराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली, हे वाटसरूंकडून कळलंच होतं. लूट घेऊन राजे मुल्हेरवरून बागलाणातून परत निघालेत आणि मोगल सरदार दाऊदखान कुरेशी त्यांच्या मागावर आहे. राजांचं निम्मं सैन्य कांचनबारी उतरून नाशिकच्या वाटेला लागलंय, निम्मं मागे खिंड धरून बसलंय. खानाला हे मध्यरात्री समजलं आणि तो तसाच निघाला. पण चंद्र गेला नि त्याची माणसं काळोखात पांगली. म्हणूनच टापा तुम्हाला एकदा ओढ्याकडून ऐकू येतात, एकदा माळावरून.

उजाडताना खानाच्या आघाडीचा इखलासखान मियाना एका टेकाडावर चढतो आणि समोर मराठे लढाईला सज्ज उभे दिसतात. मागचं सैन्य येईतो तो थांबत नाही. मूठभर स्वारांनिशी तुटून पडतो आणि जखमी होऊन घोड्यावरून खाली येतो. दिवस मराठ्यांचा ठरतो. ही वणी-दिंडोरीची लढाई. भीमसेन सक्सेना मोगलांच्या फौजेत होता, त्याने ती फारसीत लिहून ठेवली. सभासदानेही बखरीत लिहिली. तुम्ही त्या रात्री जमिनीला कान लावला होता, हे मात्र कुणी लिहिलं नाही. तुमची खूण राहिली असती ती त्या घरातच: दाराच्या अडसरात, चुलीमागच्या काजळीत, उंबऱ्याला पडलेल्या खोलगटात. आणि ते घर काही उरलं नाही.

मला याचंच वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला आणखी थोडं फिरवून आणतो.

त्याच वाटेने आता उलटे चला, वणीहून चांदवडला. डाव्या हाताला सातमाळेची डोंगररांग चालत राहते: मार्किंडा, रवळ्या-जावळ्या, शेंडीचा धोडप, मग कांचना. पोचेपर्यंत शंभरेक वर्षं उलटलेली असतात. चांदवड होळकरांचं झालंय, कारभार दूर महेश्वरहून अहिल्याबाई पाहतात आणि तुमच्या कनवटीला चांदवडी रुपया आहे, इथल्याच टांकसाळीतला. होळकरांच्या रंगमहालाच्या दारात तुम्ही मान वर करून उभे राहता. आत पाऊल टाकलं की पहिला जाणवतो तो गारवा. मग लाकूड. खांब किती, हे मोजायचं तुम्ही विसरता. तासलेल्या लाकडावरून हात फिरवावासा वाटतो. फिरवा, कुणी ओरडणार नाही. वर महिरपी, तुळया, कडीपाट. भिंतींवर चित्रं. कुठे चुन्याचं काम चालू असलं, तर बाहेर चुन्याच्या घाण्याला बैल जुंपलेला असतो आणि दगडी चाक गोल गोल फिरत असतं. अशा घाण्यात चुना किती दिवस मळायचा, हे गवंडी बोटाने चाचपून सांगतो. ते ज्ञान त्याच्या बोटातच राहिलं.

रंगमहाल आज राज्य संरक्षित स्मारक आहे. राणीचं नाव असलं की वाड्याला वाली मिळतो. कुणब्याच्या, तेल्याच्या, सुताराच्या घराला कोण मिळणार?

थोडं मागे, अगदी मागे येता का? वैशाखी पौर्णिमा, चंद्रग्रहण, शके ७३०. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद मयूरखंडीला आहे. ही मयूरखंडी म्हणजे तुमच्या वणीच्या डोक्यावरचा मार्किंडाच, असं अनेक अभ्यासकांचं मत. नासिक देशातलं अंबक नावाचं गाव राजा दान देतो आणि लेखनिक ते संस्कृतात तांब्यावर कोरतो. इतिहासाच्या पुस्तकांत हा ‘वणीचा ताम्रपट’. तुमच्या गावाचं नाव बाराशे वर्षांपूर्वीच्या एका दस्तऐवजाला चिकटलेलं आहे. वणीतल्या प्रत्येक पोराला हे चौथीतच कळायला हवं, आणि नुसतं ऐकून कळायला नको. ताम्रपटाची प्रतिकृती पोरांच्या हातात पडली पाहिजे.

साध्या माणसांची घरंही राखता येतात. स्वीडनमध्ये आर्टूर हाझेलिउस नावाच्या माणसाने १८९१ साली स्टॉकहोममध्ये स्कान्सेन उघडलं. गावोगावची शेतकऱ्यांची घरं सोडवून, खुणा करून आणली आणि एका टेकडीवर पुन्हा उभी केली. आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकरांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून आपल्या संग्रहालयात उभे केले. त्या संग्रहालयाला नाव दिलं अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं. दिवे, अडकित्ते, वज्री, घरोघरी टाकाऊ ठरलेलं सगळं त्या बापाने वेचलं. एवढ्या वस्तू एका माणसाने गोळा केल्या. वणी तर अख्खं गाव आहे.

म्हणून शेवटचा प्रवास पुढचा. साल तुम्हीच ठरवा, फक्त फार लांबवू नका. दिंडोरी-कळवणच्या पट्ट्यात मातीच्या भिंतींची आणि सागवानी खांबांची घरं दर पावसाळ्यात थोडी थोडी बसताहेत.

वणीतला एक वाडा. मोठा नाही, चार खणी. गावाने तो राखलाय. कडीपाट साफ केलाय, पण चुलीवरची काजळी मुद्दाम तशीच ठेवलीय. ओसरीवर कांचनबारीचा नकाशा, पोरांनी सातमाळेवर फिरून काढलेला. माजघरात मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाला वाजणारी पावरी. भिंतीवर बोहाड्याचे मुखवटे. ते काचेत ठेवलेले नाहीत, कारण बोहाडा आला की ते उतरवून न्यावे लागतात आणि नाचून घामेजलेले परत यावे लागतात. महिन्यातून एकदा गवंडीकाका चौकात चुना मळायला शिकवतात. पहिल्या वेळी चौघे येतात, पुढच्या वेळी बारा.

चैत्र आहे. खानदेशातून वणीच्या आईला पायी निघालेल्या बाया उन्हं टळेपर्यंत ओसरीवर टेकल्यात. पायांना फोड. एक आजी उठून माजघरात जाते, जात्यापाशी बसते, खुंटा हलवून बघते.

“खुंटा ढिला आहे रे,” ती तिथल्या पोराला म्हणते. “असं दळता यायचं नाही. पाचर आण, ठोकून देते.”

पोरगं पाचर शोधायला पळतं.