रोजगार हमी आणि मूलभूत उत्पन्न

प्रत्येक नागरिकास, त्याची सांपत्तिक स्थिती वा कामाची तयारी न पाहता, राज्यसंस्थेने ठराविक रक्कम नियमितपणे द्यावी, हा मूलभूत उत्पन्नाचा विचार. काम मागणाऱ्यास काम देण्याची जबाबदारी तिने स्वीकारावी, हा रोजगार हमीचा. दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : ज्याची उद्याची भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, तो केवळ मताधिकार मिळाल्याने इतरांच्या बरोबरीचा नागरिक ठरतो काय? राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगतीचा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा निर्देश आहे. परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने न्यायालयामार्फत बजावता येत नाही.

महाराष्ट्रात या तत्त्वास वैधानिक रूप मिळाले ते दुष्काळामुळे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील प्रदेशात, उदा., नाशिक जिल्ह्याच्या देवळा परिसरात, पाऊस हुकला म्हणजे भूमिहीन मजूर व कोरडवाहू शेतकरी या दोघांचेही काम एकदमच जाते. पूर्वी अशा वेळी दुष्काळी कामे निघत. ती काढणे न काढणे सरकारच्या इच्छेवर असे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना पुढे आली. १९७२ मध्ये योजना जाहीर झाली. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळानंतर तिचा विस्तार झाला. १९७७ मध्ये संमत झालेला महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यात आला व शासनाने तेवढीच भर घालण्याचे ठरले. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या हक्काचा भार उचलावा, ही त्यातील तरतूद विशेष लक्षणीय होय.

ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अकुशल अंगमेहनतीचे काम मागितल्यास पंधरा दिवसांत ते द्यावे, अन्यथा बेकारी भत्ता द्यावा, असा हा कायदा होता. भत्त्याची किमान रक्कम दिवसाला अवघा एक रुपया होती. तरीही तत्त्वदृष्ट्या हे कलम महत्त्वाचे, कारण येथे काम न करता मिळणारे उत्पन्न हा नागरिकाचा हक्क ठरला. मात्र शासन चुकले तरच. प्रत्यक्षात भत्ता क्वचितच दिला गेला. शिवाय नवे काम उघडण्यास सामान्यतः किमान पन्नास मजूर लागत. हक्क व्यक्तीचा, पण तो बजावण्यास पन्नासांचा जमाव हवा, अशी ही विसंगती होती. १९८८ मध्ये मजुरीचे दर मोठ्या प्रमाणात वाढविल्यानंतर कामाची उपलब्धता आक्रसल्याचे मार्टिन राव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये दाखवून दिले. २००५ च्या केंद्रीय कायद्याने या योजनेपासून बराच बोध घेतला. मात्र तेथे हमी कुटुंबाला वर्षातून शंभर दिवसांपुरती होती.

काम हीच अट का, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी उपस्थित केला आहे. टॉमस पेन यांनी १७९७ मध्येच भूमीवरील सामायिक वारशापोटी प्रत्येकास रक्कम देण्याचे सुचविले होते. दिवसभर समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्याने आपला निर्वाह स्वतः पाहावा, असे जॉन रॉल्स यांनी १९८८ मध्ये म्हटले. फिलिप व्हान पारिज यांनी त्यास विरोध केला. कॅरोल पेटमन यांचा आक्षेप अधिक मूलगामी आहे : नागरिकत्व रोजगाराशी जोडले, तर स्त्रीचे घरातील विनावेतन श्रम हिशोबाबाहेर राहतात. खडी फोडून आल्यावर चूल पेटविणाऱ्या मजूर स्त्रीला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागत नाही. याउलट, हमीच्या कामामुळे तिला गावातील जमीनदाराचा दर नाकारता आला, हेही खरे. एलिझाबेथ अँडरसन यांनी १९९९ मध्ये मांडलेली लोकशाही समता याच अर्थाची आहे. तीत केवळ रकमेला नव्हे, तर माणसामाणसांतील वर्चस्व नाहीसे होण्याला महत्त्व आहे.

भारत सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नावर स्वतंत्र प्रकरण होते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २१ ते ६५ वर्षे वयाच्या पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रु. देण्याचे ठरले. तीत कामाची अट नव्हती, परंतु कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची २.५ लाख रुपयांची मर्यादा होती; आणि १९७७ च्या हमीप्रमाणे ती अधिनियमाने नव्हे, तर शासन निर्णयाने अस्तित्वात आली.