दायमाबादचे तांबे, प्रोसेसरचे तांबे

अहिल्यानगर जिल्ह्यात तांब्याचा विषय निघाला की दायमाबादचे नाव येतेच. प्रवरेकाठच्या या गावी १९७४ साली बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार ओतीव शिल्पे सापडली. चारींचे मिळून वजन ६० किलोंहून जास्त. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, कारागिरीबद्दल नाही. संगणकाच्या प्रोसेसरवर बसणाऱ्या तांब्याच्या कूलरची वंशावळ थेट या शिल्पांपर्यंत नेण्याचा मोह म्हणूनच होतो. धातू मात्र ती जुळू देत नाही.

डी. पी. अग्रवाल यांच्या विश्लेषणानुसार या शिल्पांच्या धातूत १ टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे. आर्सेनिकाने तांबे कठीण होते, साच्यात चांगले ओतले जाते. ओतकाम करणाऱ्याला हेच हवे. पण उष्णता वाहून नेण्याचा गुण तेवढ्या मिश्रणानेच निम्म्याहून बराच खाली येतो, कारण उष्णता नेणारे इलेक्ट्रॉन परक्या अणूंवर आदळून विखुरतात. शुद्ध तांब्याची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे सुमारे ४०० वॅट, ॲल्युमिनियमची सुमारे २३५. दायमाबादच्या हत्तीच्या धातूचा तळ कूलरला बसवला, तर तो ॲल्युमिनियमच्याही मागे पडेल!

कूलर करणाऱ्यापुढचा प्रश्नच वेगळा असतो. नखाएवढ्या चकतीतून निघणारी उष्णता आधी पसरवायची, मग हवेला द्यायची. त्यासाठी खाली शुद्ध तांब्याचा, घासून सपाट केलेला तळ आणि वर पातळ पात्यांची चवड. पाती बहुधा ॲल्युमिनियमची, कारण तांबे त्याच्या तिपटीहून जड. दोन्हींना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्या पोकळ असतात. आतली हवा काढून थोडे पाणी ठेवून त्या बंद केलेल्या असतात. कमी दाबामुळे पाणी थोड्या उष्णतेनेही उकळते, वाफ थंड टोकाला जाऊन निवते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. ही युक्ती जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत सिद्ध केली.

आपल्याकडे या कूलरचा खरा नातलग शोधायचा, तर मी वस्तुसंग्रहालयात जाणार नाही, जुन्या न्हाणीघरात जाईन. तिथला बंब! मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी आणि दोहोंमध्ये तांब्याचा पातळ पत्रा. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत असे बंब ठोकून, डाक देऊन घडवले जात. पत्रा जाड ठेवला तर तांबे वाया जाते आणि नळी अरुंद केली तर पाणी तापायला वेळ लागतो, हे गणित तांबटाच्या हातात होते. उष्णतेला वाट किती रुंद हवी, एवढाच कूलरच्या रचनेचाही प्रश्न आहे.

पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’ या २०१९ च्या महासंगणकात हवेऐवजी पाण्याने थंड करण्याची पद्धत वापरली आहे. अशा रचनेत प्रोसेसरवर सहसा तांब्याची पोकळ पाटी बसते आणि पाणी तिच्या आतून फिरते. बंबात आच आत आणि पाणी भोवती असते, इथे त्याच्या नेमके उलट.